बी मायनर मासचा टेम्पो, पट्टी आणि मूड: ॲपच्या आकड्यांवर किती विसंबायचं?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या संग्रहात अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या ‘बी मायनर मास’ची (मास म्हणजे मिस्सेच्या ठरलेल्या लॅटिन शब्दांना लावलेलं संगीत) तीन ध्वनिमुद्रणं आहेत. एक साठच्या दशकातलं, एलपीवरून घरी उतरवून घेतलेलं. दुसरं बाखच्या काळच्या धाटणीच्या वाद्यांवरचं. तिसरं अलीकडचं, आधुनिक ऑर्केस्ट्राचं. फायलींना टॅग लावणाऱ्या ॲपनं सुरुवातीच्या ‘कीरिए’ या खंडासाठी पट्टी आणि मिनिटाला ठोके यांची तीन निराळी उत्तरं दिली: बी मायनर ७८, बी फ्लॅट मायनर १०८ आणि डी मेजर ५२. मूडच्या रकान्यात मात्र तिघांनाही ‘सॅड’. यातलं खरं काय, सूचीत काय लिहायचं आणि वीसेक जणांच्या कोयरला (गानवृंदाला) सरावासाठी यातलं कोणतं ऐकवायचं?

मी कोयर बसवते आणि ध्वनिमुद्रणांच्या सूचीही करते, त्यामुळे हा घोळ माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. आधी लगेच वापरता येईल असं उत्तर देते. पट्टीच्या रकान्यात छापील स्वरलिपीतली पट्टी लिहा, म्हणजे बी मायनर (मायनर म्हणजे कोमल गंधाराची, मेजर म्हणजे शुद्ध गंधाराची), आणि प्रत्यक्षात सूर कुठे वाजतोय ते शेजारी वेगळं लिहा. टेम्पो ॲपकडून घेऊ नका. पुढे सांगते तसा घड्याळ लावून काढा. मूडचा रकाना आख्ख्या कलाकृतीसाठी भरूच नका.

आता हे असं का, ते एकेक बघू.

पट्टीपासून सुरुवात करते, कारण तिथं ॲप वाटतं तितकं चुकलेलं नाही. आज जगभर ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांवर लावायचा असं ठरलेलं आहे. हा ठराव विसाव्या शतकातला. बाखच्या काळी गावागणिक, चर्चगणिक सूर वेगळा असे. बाख काम करायचा त्या लाइपझिगमध्ये तर वाद्यवृंदाचा सूर एक आणि चर्चच्या ऑर्गनचा त्याहून एक पूर्ण स्वर वर, म्हणून ऑर्गनवाल्याच्या हातात दिलेला कागद एक स्वर खाली उतरवून लिहिलेला असायचा. आजचे जुन्या वाद्यांचे वादक सोयीसाठी ‘ए’ ४१५ वर धरतात. ४१५ आणि ४४० यांत जवळपास नेमका अर्ध्या स्वराचा फरक पडतो. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर स्वरलिपीत सूर पांढरी सातचा आहे, पण या ध्वनिमुद्रणात तो काळी पाचवर ऐकू येतो. तुमच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाला ॲपनं बी फ्लॅट मायनर म्हटलं ते ह्यामुळेच. त्यानं ऐकू आलं ते सांगितलं. फक्त गाणारे बी मायनर वाचून गातायत, हे त्याला कळायला मार्ग नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर पेटी किंवा कीबोर्ड घ्या आणि कीरिएच्या शेवटच्या स्वरसमूहाचा खालचा सूर जुळवून बघा. मधला कुठला सूर पकडू नका. मध्ये बाख इतका हिंडतो की फसाल. ४१५ वाल्या ध्वनिमुद्रणात काळी पाच लागेल, आधुनिक ऑर्केस्ट्रात पांढरी सात. आधुनिक म्हटलं तरी युरोपातले बरेच वाद्यवृंद ४४० च्या किंचित वर, ४४२-४४३ च्या आसपास लावतात. तेवढ्यानं पट्टी बदलत नाही, पण पेटीशी किंचित खटकतं.

एलपीचं प्रकरण वेगळं. तबकडी तीन टक्के वेगानं फिरली तर सूर जवळजवळ पाव स्वर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्मा चढतो आणि टेम्पोही तेवढाच वाढतो. घरातल्या जुन्या प्लेअरचा पट्टा ढिला पडला की उलट घडतं. तुमच्या एलपीच्या बाबतीत ॲप बी मायनर म्हणतंय, म्हणजे सूर फारसा सरकलेला नसावा, तरी एकदा पेटीवर ताडून बघा. खरी पंचाईत मोझार्ट-हायडनच्या मासांमध्ये होते. त्या काळच्या वाद्यांसाठी आज साधारण ४३० धरतात, ते ४४० पेक्षा सुमारे ४० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली येतं. त्यात प्लेअर थोडा मंद असला की सूर बरोब्बर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतो आणि ॲप नाणेफेक केल्यासारखं कधी वरची पट्टी सांगतं, कधी खालची.

आता ‘डी मेजर’ कुठून आलं? बी मायनर आणि डी मेजर यांची सात मूळ सुरांची पिशवी एकच आहे. पट्टी ओळखणारी बहुतेक प्रणाली काय करते, तर ध्वनिमुद्रणात बारा सुरांपैकी कोणता सूर किती वाजला याची बेरीज मांडते आणि ती बेरीज चोवीस साच्यांशी ताडून बघते, बारा मेजरचे आणि बारा मायनरचे. यांतला सर्वांत गाजलेला साचा कॅरोल क्रमहान्सल आणि एडवर्ड केस्लर यांनी १९८२ साली, ऐकणाऱ्यांवर प्रयोग करून काढला. साचा चांगला आहे, पण बेरजेला क्रम कळत नाही. कोणता सूर घर आहे आणि कोणता वाटेतला मुक्काम, हे आपल्याला क्रमावरून आणि ठहरावावरून समजतं. त्यात पहिला कीरिए म्हणजे पाच आवाजांचा फ्यूग: तोच मुखडा एक आवाज बी मायनरमध्ये घेतो, पुढचा एफ शार्प मायनरमध्ये उत्तर देतो, मग मधेच मेजर उजळतो. बेरीज थोडी इकडेतिकडे झाली की ॲप डी मेजर म्हणून मोकळं होतं.

गंमत अशी की आख्ख्या मासचा विचार केला तर डी मेजर हेच उत्तर जास्त बरोबर ठरेल. ‘बी मायनर मास’ हे नाव बाखनं दिलेलं नाही, ते एकोणिसाव्या शतकात रूढ झालं. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याच्या मालमत्तेची १७९० साली छापलेली यादी याच कलाकृतीला ‘मोठा कॅथलिक मास’ म्हणते. विसाहून जास्त खंडांच्या या रचनेत बी मायनरचे खंड पाचच: पहिला कीरिए, ‘क्वी तोल्लीस’, ‘क्वी सेदेस’, ‘एत इन्कारनातुस’ आणि ‘बेनेदिक्तुस’. डी मेजरचे त्याच्या दुपटीहून जास्त. ग्लोरिया या देवाच्या गौरवाच्या भागाची सुरुवात डी मेजर, शेवट डी मेजर. सांक्तुस डी मेजर. अगदी शेवटचा ‘दोना नोबीस पाचेम’ही डी मेजर.

याचं कारण फार आध्यात्मिक नाही. बाखच्या काळच्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या. नळीच्या लांबीवर जे सूर निघतील तेवढेच वाजायचे, आणि त्याच्याकडचे ट्रम्पेट डीचे होते. नगारेही डी आणि ए या दोन सुरांवर लावलेले. म्हणजे देवाचा गौरव ट्रम्पेट-नगाऱ्यांनी करायचा असेल तर पांढरी दोनशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा पट्टीवरून मूडबद्दल काही बोलण्याआधी वादकांच्या हातात कोणती वाद्यं आहेत ते बघावं, असं माझं मत आहे. त्या काळचे शास्त्रकार पट्ट्यांना स्वभाव चिकटवायचे, हे खरं. योहान माथेझोननं १७१३ साली डी मेजरला हट्टी, लढाऊ, उत्सवी म्हटलं होतं आणि बी मायनरला विचित्र, उदास. वाचायला मजा येते. पण याच माथेझोनच्या चष्म्यातून बाखचे पाच बी मायनर बघितले तर काय दिसतं, ते मूडपाशी आल्यावर बघू.

टेम्पोकडे वळते, कारण ७८, १०८ आणि ५२ या आकड्यांमध्ये खरी भानगड इथंच आहे. ॲपमधला बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके याचा) रकाना मुळात नाचाच्या संगीतासाठी सोयीचा आहे, जिथं ढोल ठोका धरून ठेवतो. मासमध्ये असा सतत ठोका धरणारा ढोल नाही. लय धरणारा कंडक्टर मुका, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो थोडा थांबतो. ॲप मग सुरांच्या टोकांवरून ठोका शोधतं. पहिल्या कीरिएत आठव्या भागाचे, म्हणजे अर्ध्या मात्रेचे सूर सतत चालत असतात, ते त्याच्या कानात जास्त ठसतात, आणि ते दुगुन मोजतं. तुमच्या १०८ ला दोननं भागा: ५४. आता तिसऱ्याच्या ५२ च्या शेजारी तो बसला. एलपीच्या ७८ चे झाले ३९. म्हणजे दुसरं आणि तिसरं ध्वनिमुद्रण जवळपास एकाच लयीत आहेत आणि एलपी खूप विलंबित आहे. ॲपच्या आकड्यांवरून नेमकं उलटं चित्र दिसत होतं: तिसरं सर्वांत संथ, एलपी मधली.

स्वतः काढायचं कसं ते सांगते. पहिल्या कीरिएचे १२६ बार (स्वरलिपीतले लयीचे खण) आहेत, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे एकूण ५०४. ट्रॅकची लांबी मिनिटांत घ्या आणि ५०४ ला तिनं भागा. साडेनऊ मिनिटांचा ट्रॅक असेल तर ५३ येतात, बारा मिनिटांचा असेल तर ४२. हा सरासरी आकडा झाला, आणि त्यात एक खोट आहे. पहिले चार बार निराळे आहेत. तिथं ‘आदाजिओ’, म्हणजे संथ, असं लिहिलंय. सगळा कोयर आणि सगळा वाद्यवृंद एकदम ‘कीरिए’ अशी तीनदा हाक मारतो, मग एका अधांतरी स्वरसमूहावर थांबतो. पाचव्या बारपासून ‘लार्गो’, म्हणजे रुंद, संथ लय, सुरू होतो. तेव्हा ते चार बार सोडूनच द्या. पाचव्या बारला वाद्यं एकटी सुरू होतात आणि तिसाव्या बारला टेनर (पुरुषांचे उंच आवाज) मुखडा घेऊन आत येतात. मध्ये २५ बार, म्हणजे साधारण १०० मात्रा. वाद्यांचा लार्गो सुरू झाला की स्टॉपवॉच दाबा, टेनर आले की थांबवा. जितके सेकंद आले त्यानं ६००० ला भागा. ११० सेकंद आले तर टेम्पो ५४-५५. दीडशे आले तर ४०. सूचीत हाच आकडा लिहा आणि शेजारी ‘लार्गो, चतुर्थांश मात्रा’ असा शेरा मारा. कशाची मात्रा मोजली हे लिहिलं नाही तर आकड्याला काही अर्थ नाही.

कशाची मात्रा, हा मुद्दा ‘क्रुसीफिक्सुस’मध्ये नीट दिसतो, म्हणून तो खंड जरा जवळून बघू. ५३ बार, प्रत्येकात तीन मोठ्या मात्रा. बास, म्हणजे सर्वांत खालची ओळ, पांढरी तीनवरून सुरू होतो आणि अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली उतरतो: पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक, आणि मग खालची पांढरी सात. तिथून वळून पुन्हा वर. चार बारचं हे आवर्तन तेरा वेळा येतं. हेच संगीत बाखनं १७१४ साली ‘वाइनेन, क्लागेन, झोर्गेन, झागेन’ या कँटाटासाठी (कँटाटा म्हणजे गायक-वाद्यांसाठीची अनेक खंडांची रचना) लिहिलं होतं, एफ मायनरमध्ये. तिथं बासचे सूर लांब, सरळ होते. मासमध्ये आणताना त्यानं पट्टी ई मायनर केली आणि प्रत्येक लांब सुराचे दोन-दोन छोटे ठोके केले. बास आता धडधडतो. वर फ्लूट आणि व्हायोलिनं एकमेकांना उत्तर देत तुटक सूर टाकतात, आणि आवाज त्यांच्यामधून ‘क्रुसी-फिक्सुस’ म्हणत एकामागून एक उतरतात.

तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण असेल तर १५९ मोठ्या मात्रांना ३ नं भागून ५३ येतात. कंडक्टरचा हात ५३ नं चालतो. ॲप मात्र ती धडधड पकडतं आणि १०६ सांगतं. १०६ म्हटल्यावर वाचणाऱ्याला मध्य लयीतलं, जरा चालतं गाणं वाटेल, आणि तो ख्रिस्ताला क्रुसावर चढवल्याचा खंड आहे. पण ॲपचा तो आकडा अगदीच फेकून द्यावा असंही नाही. त्या खंडाचा ताण कशात आहे? हात संथ आणि बास अस्वस्थ, यातच. दोन्ही आकडे लिहा: हात ५३, बासची दुगुन १०६. मी माझ्या सूचीत असंच लिहिते.

याच खंडाचा शेवट पट्टी ओळखणाऱ्या प्रणालीला चकवतो. तेराव्या आवर्तनात फ्लूट आणि व्हायोलिनं गप्प होतात, स्वरलिपीत ‘पियानो’ म्हणजे हळू असं लिहिलेलं आहे, चारही आवाज आपल्या खालच्या टोकाला जाऊन ‘सेपुल्तुस एस्त’, म्हणजे ‘पुरला गेला’ असं म्हणतात. आणि बास इतका वेळ जिथं वळत होता तिथं न वळता जी मेजरमध्ये जाऊन थांबतो. ई मायनरच्या खंडाचा शेवट मेजरमध्ये. त्याच्या पाठोपाठ कसलीही प्रस्तावना न वाजता अख्खा कोयर ट्रम्पेट-नगाऱ्यांसह डी मेजरमध्ये ‘एत रेसुरेक्सीत’, म्हणजे ‘तो पुन्हा उठला’ म्हणत उसळतो. सीडीवर या दोन ट्रॅकच्या मध्ये किती सेकंदांची शांतता ठेवली आहे, हे ध्वनिमुद्रण पारखायची माझी पहिली खूण. दोन सेकंद पुरतात. काही निर्माते पाच-सहा ठेवतात आणि सगळा मेळ बिघडतो.

ट्रॅकची विभागणी ही आणखी एक डोकेदुखी. ग्लोरियाची सुरुवात तीन अष्टमांश मात्रांची आहे, १०० बार, वर ‘विवाचे’, म्हणजे चपळ, असं लिहिलेलं. आणि ती न थांबता ‘एत इन तेर्रा पाक्स’च्या चार मात्रांच्या संथ लयीत शिरते. बऱ्याच सीडींवर दोन्ही एकाच ट्रॅकमध्ये असतात. शंभर बारना पावणेदोन मिनिटं लागली तर मिनिटाला ५७ बार पडले. अष्टमांश मोजलेत तर १७१. पुढच्या भागाची लय वेगळी. ॲप या सगळ्यांतून एकच आकडा काढतं, आणि तो आकडा त्या ट्रॅकमध्ये कुठेच वाजत नसतो. ‘कोन्फितेओर’चंही तसंच. तो जुन्या धाटणीचा, फक्त बासच्या साथीवर चालणारा खंड, पुढे एकदम आदाजिओ होतो, सूर कुठल्या पट्टीत आहे हेच कळेनासं होतं, आणि मग विवाचे. असे ट्रॅक मी हातानं तोडून घेते.

आता मूड.

ॲपचा हिशेब साधा असतो: मायनर आणि संथ म्हणजे दुःखी, मेजर आणि जलद म्हणजे आनंदी. मघाच्या पाच बी मायनरांपैकी चार घ्या. पहिला कीरिए म्हणजे ‘प्रभू, दया कर’ अशी सगळ्या सभेची विनवणी. वसईच्या आमच्या मिस्सेत हेच शब्द मराठीत दीड मिनिटात म्हणून होतात. बाख त्यांना दहा मिनिटं देतो. त्यात दुःख आहे का? मला तरी त्यात चिकाटी ऐकू येते, न थकता पुन्हा पुन्हा मागत राहण्याची. ‘क्वी सेदेस’ हा आल्टोचा (खालच्या पट्टीतल्या स्त्री-आवाजाचा) आणि ओबो दामोरे या फुंकवाद्याचा संवाद, जवळजवळ नाचऱ्या चालीचा. त्याला सॅड म्हणणं म्हणजे कमालच आहे. ‘एत इन्कारनातुस’ हा ‘तो मनुष्य झाला’ हे सांगणारा खंड बाखनं अगदी शेवटी शेवटी, १७४९ च्या सुमारास, नव्यानं लिहून घातला. त्यात व्हायोलिनं उसासे टाकत खाली उतरतात आणि आवाज एकावर एक हळूच ठेवले जातात. तिथं विस्मय आहे, थोडी भीतीही. ‘बेनेदिक्तुस’मध्ये एकटा टेनर आणि एकटं वाद्य (बाखनं कोणतं ते लिहिलंच नाही, बहुतेक जण फ्लूट वाजवतात), अगदी खासगी, आतल्या आत बोलल्यासारखं. पट्टी एकच, मायनर एकच, आणि मूड चार. माथेझोनचा ‘उदास’ यांतल्या फार तर एकाला लागू पडेल.

उलट उदाहरण आणखी बोलकं आहे. ग्लोरियातला ‘ग्रात्सियास’ आणि सगळ्यांत शेवटचा ‘दोना नोबीस पाचेम’ यांचं संगीत एकच आहे. ते त्यानं १७३१ च्या एका कँटाटातून उचललं होतं, तिथले शब्दही आभाराचे. मासमध्ये आधी ‘आम्ही तुझे आभार मानतो’ या शब्दांना लावलं, आणि शेवटी ‘आम्हांला शांती दे’ या शब्दांना. पट्टी तीच, सूर तेच, चढत जाणारे आवाज तेच, शेवटी ट्रम्पेटही तसेच. ॲपला दोन्ही ट्रॅक दिलेत तर ते एकच टॅग लावेल, आणि त्याच्या बाजूनं ते बरोबर आहे. पण ‘दोना’च्या आधी ‘आग्नुस देई’ आलेला असतो: जी मायनर, एकटी आल्टो, एका सुरात वाजणारी व्हायोलिनं, आणि आख्ख्या मासमधली फ्लॅटच्या (कोमल खुणांच्या) बाजूची एकमेव पट्टी. त्या अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडून डी मेजरमध्ये आलं की तेच सूर वेगळे लागतात. मूड त्या ट्रॅकमध्ये नसून दोन ट्रॅकच्या जोडात आहे. शफल करून ऐकणाऱ्याला तो मिळणार नाही.

म्हणून मूडच्या रकान्यात मी एक शब्द टाकत नाही. खंडाचे शब्द काय म्हणतात ते थोडक्यात लिहिते, आणि या गायक-वादकांनी ते कसं म्हटलंय ते दोन-चार शब्दांत. ‘कीरिए: विनवणी, जड, रुंद पावलांची’ किंवा ‘कीरिए: विनवणी, हलकी, बोलल्यासारखी’. पुढच्या वेळी फाईल उघडताना मला याचा उपयोग होतो, ‘सॅड’चा होत नाही.

आता ध्वनिमुद्रणांबद्दल, कारण टेम्पो आणि मूडचा खरा संबंध तिथं आहे. तुमची एलपी कोणाची ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ३९ च्या आसपासचा कीरिए म्हणजे जुन्या, मोठ्या कोयरच्या परंपरेतला. त्या परंपरेचं टोक म्हणजे ओट्टो क्लेम्पररचं १९६७ चं ध्वनिमुद्रण. संथ म्हणावं तर इतकं, की लय विलंबिताच्याही पलीकडे जाते. लोक त्याला रडकं समजतात. मला त्यात रडणं ऐकू येत नाही. प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी दिसते, आणि ओझं उचलून चढ चढणाऱ्या माणसांचा तो कीरिए वाटतो. म्युनिकच्या कार्ल रिश्टरचं १९६१ चं त्याच जमान्यातलं, पण ताणलेलं, आतून पेटलेलं. मग १९६८ मध्ये निकोलाउस हार्नोन्कूर्टनं व्हिएन्नात जुन्या वाद्यांवर मास ध्वनिमुद्रित केला आणि चित्र पालटायला लागलं. १९८२ साली जोशुआ रिफ्किननं तर एका ओळीला एकच गायक ठेवून ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलं. बाखचा कोयर बहुधा एवढाच असायचा असं त्याचं म्हणणं. त्यावर तज्ज्ञांमध्ये अजून भांडणं चालू आहेत. १९८५ चं जॉन एलियट गार्डिनरचं ध्वनिमुद्रण छोट्या, कसलेल्या कोयरचं, चपळ.

टेम्पो वाढण्यामागे नुसती फॅशन नव्हती. साठ-सत्तर माणसं मोठ्या घुमणाऱ्या चर्चमध्ये ‘कुम सांक्तो स्पिरितु’च्या धावत्या ताना गायला लागली की चार सेकंद घुमणाऱ्या भिंती सगळ्याचा काला करतात, कंडक्टरला लय खाली आणावीच लागते. एकेका ओळीला एक किंवा चार गायक असले, वाद्यांची तार आतड्याची असली, सूर अर्धा स्वर खाली असला, की सगळं आपोआप हलकं होतं. ४१५ चा आणखी एक फायदा कोयरवाल्यांना कळतो: सोप्रानोंना (सर्वांत उंच आवाजांना) वरच्या सुरांवर श्वास पुरतो, ओरडावं लागत नाही. आवाज मोकळा झाला की मूडही बदलतो, आणि ॲपच्या कुठल्याच रकान्यात ते बसत नाही.

सरावाचं विचारलंत, तर वीस जणांसाठी मी दुसरं, म्हणजे ५४ टेम्पोचं जुन्या वाद्यांचं ध्वनिमुद्रण ऐकायला देईन आणि तिसऱ्यावर गायला लावीन. कीरिएला पाच आवाज लागतात, दोन सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. म्हणजे तुमच्याकडे एका ओळीला चारच माणसं. एवढ्या कोयरला ३९ चा टेम्पो झेपणार नाही. श्वास मध्येच तुटेल आणि ओळ लोंबकळेल. एलपी घरी ऐका, आवडीनं ऐका, पण तालमीत नको. दुसरं लावून त्याच्यासोबत गायचंच असेल, तर कीबोर्डचं ट्रान्सपोज एक खाली करा, नाहीतर पेटीवाला आणि ध्वनिमुद्रण यांची तालीमभर मारामारी चालेल. सूर तोच ठेवून वेग कमी-जास्त करणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळतात. दहा टक्क्यांपर्यंत ती बरी चालतात. त्यापलीकडे गेलात की ‘क’ आणि ‘स’सारखी व्यंजनं विरघळतात आणि कोयरला शब्दच सापडत नाहीत.

सुरुवात ४८ नं करा. टेनर तिसाव्या बारला स्वच्छ आत आले आणि दुसऱ्या सोप्रानोंना आपला प्रवेश न मोजता कळायला लागला, की ५२ वर या. पहिले चार बार मात्र शेवटी बसवा. तिथं मेट्रोनोमचा (ठोके देणाऱ्या यंत्राचा) उपयोग नाही; सगळ्यांनी तुमच्या हाताकडे बघायला शिकणं एवढंच काम आहे.